पर्ण वटवटे, बोंडला आणि आसपास: फेब्रुवारीपर्यंतची नोंद

ऑक्टोबरपासून ‘अनोळखी’च्या रकान्यात साचत गेलेले गोव्यातल्या बोंडला, मोले आणि फोंड्याकडच्या कुळागरांतले (पोफळीच्या बागांतले) बरेचसे पर्ण वटवटे, म्हणजे पानांत फिरणारे चिमुकले लीफ वॉर्बलर पक्षी, आता सुटलेत. फोटोंपेक्षा आवाजानेच जास्त सुटले. यंदा क्रम असा ठेवला: आधी कॉल, मग डोके, मग पंख, आणि रंग अगदी शेवटी. माट्टीच्या झाडाखाली उभे राहून वर पाहिले की पानांतून गाळून येणारा उजेड पांढऱ्या पोटालाही पिवळट झाक देतो. त्या झाकेवर केलेली ओळख दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

या वटवट्यांपैकी ग्रीनिश सगळ्यात जास्त भेटतो. लांबी जेमतेम १० सेंमी, कॉल दोन अक्षरी, ‘चि-स्वीट’सारखा, आणि किडे टिपत फिरताना तो सारखा देत असतो. लांब फिकट भुवई, डोळ्यातून गडद रेघ, खालची चोच फिकट नारिंगी, पंखावर एक बारीक पट्टी. ही पट्टी म्हणजे पिसांची फिकट टोके. महिने जातील तशी ती झिजतात, म्हणून आता पट्टी दिसली नाही एवढ्यावरून ग्रीनिश बाद करू नका.

वेस्टर्न क्राउन्ड या दुसऱ्या वटवट्याला पंखावर दोन पट्ट्या आणि डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा. खालून हा पट्टा दिसणे जवळपास अशक्य! बोंडल्याच्या चढावर रस्त्याची वरची कड धरली की खालच्या झाडांचे शेंडे नजरेसमोर येतात. तिथे दहा मिनिटे स्वस्थ थांबणे तासभर मान वर करून हिंडण्यापेक्षा कधीही चांगले. तिसरा वटवट्या लार्ज-बिल्ड गडद, दाट सावलीतला. त्याची दोन सुरांची शीळ, दुसरा सूर वर चढणारा, ऐकली की शंका उरत नाही.

सुभग (आयोरा) पक्ष्याची मादी यात घुसते, पण तिला भुवई नाही आणि पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्या ठळक असतात. झुडपात खाली ‘चक्’ करणारा, पट्टी नसलेला तपकिरी पक्षी बहुतेक ब्लाइथचा वेळू वटवट्या.

रेकॉर्डिंग फोनवरही चालते, मात्र डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइल प्रकारात, ४८ किलोहर्ट्झवर आणि नॉइज रिडक्शन बंद ठेवून. ते चालू असले तर ही बारीक उंच चिवचिव गोंगाट समजून कापली जाते. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलेला तुकडा तपासायला घेऊ नये, त्यातही वरचे सूर गळतात. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेले नाव हा फक्त धागा; पुढे स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, कॉलचे तुकडे स्वतः मोजायचे. कॉल वाजवून पक्षी बोलवायचा नाही. हिवाळ्यातही ते आपापली हद्द राखतात, त्यांना उगाच दमवायचे कशाला?

फोटोसाठी शटर १/१०००, आणि मागे आकाश असेल तर एक्स्पोजर +१, नाहीतर भुवईसकट सगळे काळे पडते.

अडले आहे ते ग्रीन लीफ वॉर्बलरवर. कॉकेशसकडून येणारा हा पक्षी ग्रीनिशच्या अगदी जवळचा. चेहऱ्यावर आणि गळ्यावर पिवळेपणा जास्त, कॉल तीन अक्षरी. कुळागरातले काही तुकडे तसे वाटतात, पण पोफळींच्या सळसळीत तिसरे अक्षर स्पष्ट निघत नाही. वारा पडलेला असताना, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात तीच जागा पुन्हा रेकॉर्ड करायची आहे. तोवर नोंद ‘ग्रीनिश किंवा ग्रीन’ अशीच राहील.