गोष्ट मुलाची, अक्षर मोठ्यांचं

दुसरी-तिसरीतलं मूल तोंडाने दहा मिनिटं गोष्ट सांगतं. त्यात लिफ्ट बंद पडते, राक्षस रडतो, शेजारच्या मांजरीला पंख फुटतात. तीच गोष्ट लिहायला बसवलं की वहीत चार ओळी, आणि पाचवीत 'मग तो झोपेतून जागा झाला'. कल्पना आटलेली नसते, मनगट दुखत असतं. या वयात हात जिभेच्या फार मागे असतो. त्यात वेलांटी पहिली की दुसरी, जोडाक्षर कसं काढायचं, इथे अडकेपर्यंत मांजर उडून गेलेलं असतं.

म्हणून पहिले काही महिने सांगणं आणि लिहिणं वेगळं ठेवा. मूल सांगेल, तुम्ही उतरवून घ्या. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं पुरतात. नियम एकच, पण कडक: जसं आलं तसंच लिहायचं. 'मला' ऐवजी 'मले' आलं तर 'मले'. 'आणि मग' सतरा वेळा आलं तर सतरा वेळा. मग मोठ्याने वाचून दाखवा. बहुतेक मुलं मध्येच थांबवतात, 'अरे, तो तर आधीच मेला होता!' पुनर्लेखनाची सुरुवात इथे होते, आणि ती मुलाने केलेली असते. शेवटची दोन वाक्यं मात्र त्याच्याच हाताने लिहून घ्या. ती हळूहळू चार होतात, मग अर्धं पान.

कोरी दोनशेपानी वही देऊ नका. ती भरायची असते, ही कल्पनाच दडपण आणते. त्यापेक्षा एका ए4 कागदाचं 8 पानी पुस्तक करा. कागद आडवा ठेवून वरची कड खालच्या कडेवर आणा, झालेली पट्टी मध्ये दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. उघडल्यावर 8 चौकोन दिसतील. आता डावी कड उजवीवर आणून एकच घडी घाला आणि घडीच्या बाजूने मधल्या आडव्या रेषेवर कात्री चालवा, पण पहिल्या उभ्या रेषेपर्यंतच. हात पुढे गेला की कागदाचे दोन तुकडे झालेच. उघडून पुन्हा लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. चीर उघडून वरून अधिकचं चिन्ह दिसतं. पानं एका बाजूला वळवली की पुस्तक तयार: मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत 6 पानं. लिहायचं ते घड्या झाल्यावरच. सपाट कागदावर लिहिलंत तर निम्मी पानं उलटी येतात.

या 6 पानांचा खरा उपयोग गोष्टीच्या शेवटासाठी होतो. एका पानावर एक-दोन वाक्यं, त्यामुळे शेवटाला स्वतःचं पान मिळतं आणि गोष्ट घाईत गुंडाळली जात नाही. दार वाजलं हे उजव्या पानावर ठेवायचं, दारात कोण ते पान उलटल्यावर. ही युक्ती एकदा कळली की मुलं ती दामटून वापरतात. वापरू द्या.

'छान!' म्हणून मुलाला पुढे काही सुचत नाही. प्रश्न विचारा, एका गोष्टीला एकच. मुलाने लिहिलं, 'आजी रागावली.' विचारा, 'रागावली हे तुला कसं कळलं?' उत्तर येतं, 'तिने चष्मा काढून पुसला. परत पुसला. मग माझं नाव पूर्ण घेतलं.' हेच तीन तुकडे त्याला लिहायला सांगा, 'रागावली' खोडायची गरजही उरत नाही. पाच प्रश्न विचारलेत तर मात्र ती तोंडी परीक्षा होते. आणि 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न तर नकोच. तात्पर्य मागितलं की पुढच्या गोष्टीतली सगळी पात्रं शहाणी होतात.

शाळेचा निबंध हे वेगळं खातं आहे. तिथे गुण लागतात, म्हणून गाईडमधला 'हिरवा शालू' पावसाळ्यात हजर होतोच. भांडू नका. फक्त एक वाक्य स्वतःचं घालायला सांगा: ओल्या दप्तराचा वास, पंख्याखाली वाळत घातलेले मोजे. शुद्धलेखनही याच खात्यात तपासा, गोष्टींच्या पुस्तकावर लाल पेन नको.

इंग्रजी माध्यमातल्या किंवा परदेशातल्या मुलांना देवनागरी जड जाते. त्यांची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून सावकाश उतरवा. आपलंच वाक्य छापल्यासारखं समोर दिसलं की ती अक्षरं वाचायचा खटाटोप मुलं आपणहून करतात.

विषय सुचत नसेल तर वाचलेली गोष्ट अर्ध्यावर थांबवा. बालभारतीचं 'किशोर' 1971पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि पुढचं त्याला सांगू द्या. नक्कल झाली तरी चालेल, छोटा भीम आला तरी चालेल.

लिहिलेलं नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याआधी त्याला विचारा. नाही म्हणालं तर नाही. दहा-अकराव्या वर्षी बरीच मुलं लिहिलेलं लपवू लागतात. गादी झटकताना वही सापडली, तर ती न उघडता होती तिथेच ठेवा आणि चादर पूर्वीसारखी खोचा.