स्वतःचं का नाही टाकलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आयटीआयची पोरं विचारतात, पाहुणे विचारतात, आता एमबीए करणाऱ्या मुलीनंही विचारलं: "एवढं हातात असताना स्वतःचं पॅटर्न शॉप का नाही टाकलंत?" कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत सत्तावीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून साचा पाडून त्यात वितळलेलं बीड ओततात ते नमुने. सगळ्यांना आजवर एकच सांगितलं, घरच्यांनी नको म्हटलं. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

"मराठी माणसाच्या रक्तातच धंदा नाही" हे मात्र माझ्यासमोर म्हणू नका. एका लेथवर सुरुवात केलेली माणसं मी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, पाहिलीत. हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून गंगाराम कांबळेंना मार बसला होता. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, वर स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले. नुसते पैसे देऊन ते हॉटेल चाललं नसतं, हे महाराजांना कळत होतं.

उद्यमनगर आमच्या मंगळवार पेठेतून चालत जाण्याइतकं. तिथं पोरगं दोन वर्षं कामाला राहिलं की विचारतात, "स्वतःचं कवा?" आमच्या गल्लीत विचारायचे, "कायम झालास काय?"

१९९६ साली मी भाड्याचा गाळा बघून आलो. एका पार्टीनं कामाचा शब्द दिला होता. कर्जाला तारण हवं होतं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर गावाकडच्या वीस गुंठ्यांचा सात-बारा आबांपुढं ठेवला. आबा शाहू मिलमध्ये होते. त्यांनी चष्मा लावला, उतारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि म्हणाले, "बुडालं तर? घरात एक पोरगी उजवायची हाय." काका म्हणाले, "नोकरी हाय म्हणून तर तुला पोरगी दिली त्यांनी." मी गप्प बसलो.

तेवढ्यात बायको आतून आली. हात कोपरापर्यंत ओले, मनगटं लाल. मोरीत साबण लावून तिनं पाटल्या उतरवल्या होत्या. त्या तिनं सात-बारावर ठेवल्या. "जमीन नगं तर ह्या ठेवा." कागदावर साबणाचं पाणी पसरलं. आबा काही बोलले नाहीत, काकाही नाहीत. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "राहू दे."

आबांनी जमीन नाकारली, पाटल्या मी नाकारल्या. ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो.

मुलीच्या अभ्यासात आयझेन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १९९१ ची मांडणी आहे. माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ते काम त्याला कसं वाटतं, त्याची माणसं काय म्हणतील, आणि आपल्याला झेपेल हा भरवसा. तिनं मला दुसऱ्या खान्यात टाकलं होतं. मी म्हटलं, तिसऱ्यात घाल. पण भरवसा कशाचा नव्हता? कामाचा नव्हे. बिडाचं कास्टिंग थंड होताना आकसतं, म्हणून मीटरला साधारण दहा मिलिमीटर पॅटर्न मोठा ठेवायचा, हे मला झोपेतही जमलं असतं. मला जमणार नव्हती वसुली. थकलेले पैसे दारात उभं राहून मागणारं माणूस मी आमच्या घरात कधी पाहिलंच नव्हतं. पगार पाकिटातून यायचा. मग हा भित्रेपणा माझा, की आमच्या घराचा? दुसरा खाना कुठं संपतो आणि तिसरा कुठं सुरू होतो, मला सांगता येत नाही.

त्या वेळचा मी अजून भांडतो: बहिणीचं लग्न नीट झालं ना? झालं. त्याच सुमारास गाळा घेतलेले दोघं उधारीत बुडाले, तेही मी पाहिलं. पण १९०६ ची ती मिल, आबांची पक्की नोकरी, २००३ ला बंद पडली. त्यानंतर आबा त्या रात्रीबद्दल बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही.

परवा मुलगी त्याच अभ्यासाचा फॉर्म घेऊन आईजवळ बसली. "घरच्यांचा पाठिंबा होता का, इथं काय लिहू?"

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी हो म्हटलं होतं. तेवढं लिही."