घरात थांबा की बाहेर पडा?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या सजाची, म्हणजे काही गावांच्या गटाची, मी तलाठी. जुलैतल्या त्या दिवशी जिल्ह्याला रेड अलर्ट होता, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता. सकाळपासून फोनवर इशाऱ्यांचे मेसेज येत होते. पावसाळ्यात ते इतक्यांदा येतात की दुपारपर्यंत ते कोणी उघडूनही बघत नव्हतं.

तीनच्या सुमारास पोलीस पाटलांचा फोन आला. वरच्या वाडीच्या मागे डोंगराला तडा गेला होता. झऱ्याचं पाणी एकाएकी लाल गढूळ झालं होतं आणि दोन घरांची दारं चौकटीत अडकून लागत नव्हती. हे ऐकल्यावर महसूल खात्यातल्या कुणालाही आधी तळीये आठवतं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातली ती वाडी दरडीखाली गेली आणि ८० हून अधिक माणसं गेली. मी तहसीलला कळवलं, ग्रामसेवकांना घेतलं आणि निघाले.

वाडीवर पोचलो तेव्हा कामाला वेग आला होता. गुरांची दावी सोडली जात होती, म्हाताऱ्यांच्या गोळ्या-औषधं पिशवीत भरली जात होती. आणि तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले. साधा मेसेज नव्हता तो, सेल ब्रॉडकास्ट होता, म्हणजे टॉवरवरून त्या भागातल्या फोनवर एकाच वेळी जाणारा इशारा. पडद्यावर मराठीतच लिहिलं होतं: अतिवृष्टीचा इशारा, आवश्यक नसेल तर घराबाहेर पडू नका.

अर्धी माणसं जागच्या जागी थांबली. एका आजोबांनी फोन माझ्यासमोर धरला. "बाय, मोबाईल सांगतोय भायेर पडू नका, नि तुमी सांगताव भायेर पडा. आयकायचा कोनाचा?"

या प्रश्नाला तिथे उभं राहून उत्तर देणं किती अवघड होतं! मेसेज खोटा नव्हता. शहरातल्या माणसाला, कामावरून घरी निघालेल्याला तो योग्यच सल्ला होता. पण डोंगराला तडा गेलेला असताना घर हीच सगळ्यात धोक्याची जागा असते. एकच वाक्य संपूर्ण जिल्ह्याला पाठवलं की ते कुणाला तरी उलट्या दिशेला ढकलतंच. मी आजोबांना तडा दाखवायला घेऊन गेले. तिकडे अंगणवाडी सेविकेने घराघरांत शिरून बायकांना बाहेर काढलं. तिचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालला, कारण त्या घरांतली पोरं तिच्याच हाताखाली वाढलेली. काळोख पडायच्या आत सगळे खालच्या शाळेत आले.

त्या रात्री डोंगर आला नाही. सकाळी तडा हातभर रुंद झालेला दिसला आणि दोन घरांच्या मागच्या पडव्या खचल्या होत्या.

सेल ब्रॉडकास्ट या तंत्राबद्दल माझी तक्रार नाही. एसएमएस एकेका नंबरला जातो आणि नेटवर्कवर गर्दी झाली की अडकतो. सेल ब्रॉडकास्टला नंबरच लागत नाही. टॉवरच्या टापूतला, ही सोय असलेला प्रत्येक चालू फोन तो घेऊ शकतो, अगदी कालच मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचाही. शिवाय तो जिल्हाभर न पाठवता निवडक टॉवरवरूनही पाठवता येतो. एवढं नेमकं हत्यार हातात असताना ते "मुसळधार पाऊस पडेल" एवढंच सांगायला का वापरायचं? पाऊस आम्हाला दिसतोच. पावसाचा अंदाज साध्या मेसेजने द्यावा. फोन किंचाळावा तो माणसाने आत्ता उठून काहीतरी करायला हवं तेव्हाच.

अतिवापराचं भय मला खोट्या इशाऱ्याइतकंच वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये हवाईत क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा इशारा गेला आणि फोनवर तो मागे घ्यायला ३८ मिनिटं लागली. ते जगभर गाजलं. रोजच्या निरुपयोगी इशाऱ्यांनी विश्वास झिजतो, त्याची बातमी मात्र होत नाही. लोक सेटिंगमध्ये जाऊन आवाज बंद करून टाकतात, आणि आमच्याकडे तरण्या पोरांनी तो केलेला मी पाहिलाय.

आमच्या तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व बैठक होते. तिथे मी दरडीच्या वाड्यांसाठी मजकुराचा वेगळा मसुदा दिला. आधी तो वाडीत वाचून दाखवला होता. "सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे" हे ऐकून त्याच आजोबांनी विचारलं, म्हंजे कुटं? मग लिहिलं: "वरच्या वाडीच्या लोकांनी आत्ता खालच्या मराठी शाळेत जा. सामान घेऊ नका. गुरं सोडून द्या." असा मजकूर वाडीगणिक आधीच तयार हवा आणि तो पाठवण्यापूर्वी नियंत्रण कक्षाने गावात एक फोन करायला हवा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर वाडी रिकामी होतेय हे आम्ही सांगितलं असतं.

मसुदा स्वीकारला गेलाय, पण प्रत्यक्ष वापर अजून झालेला नाही. आणि वरच्या वाडीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांकडे जुने बटणाचे फोन आहेत, त्यांवर हा इशारा येईलच असं नाही. वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही उतरते. म्हणून देवळावर बॅटरीवर चालणारा भोंगा बसवावा आणि तो वाजवायचा अधिकार पोलीस पाटलांना असावा, हा ठराव ग्रामसभेत घेऊन आम्ही वर पाठवला आहे.