दिल्ली १:२०० : एक्स टरेटच्या रिकाम्या जागेचा हिशेब अखेर लागला

मागील नोंदीत फनेलपाशी (धुराड्यापाशी) अडकलेले भारतीय युद्धनौका ‘दिल्ली’च्या १:२०० प्रमाणातील मॉडेलचे काम पुन्हा सुरू झाले आहे. एक्स टरेट (जहाजाच्या मागच्या भागातील तोफांचा एक फिरता बुरूज) काढल्यानंतर उरलेल्या डेकहाउसची, म्हणजे डेकवरील खोलीवजा बांधकामाची, लांबी आणि त्याची मागची कड आता निश्चित झाली आहे, त्यामुळे या नोंदीतील बहुतेक जागा त्यालाच द्यावी लागणार आहे.

आपल्या मॉडेलकारांत फिरणारे लिअँडर वर्गाच्या ब्रिटिश क्रूझर युद्धनौकांचे बहुतेक आराखडे चार टरेटचे, म्हणजे तीसच्या दशकातील मांडणीचे आहेत. १३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखाजवळ ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी लढलेली ‘अ‍ॅकिलिस’ त्यांत नेमकी बसते. आपली ‘दिल्ली’ म्हणजे पुढे नाव बदललेले तेच जहाज, पण ती त्यांत बसत नाही. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वादालकॅनालजवळ जपानी बॉम्ब एक्स टरेटवर पडला आणि नंतर पोर्ट्समथच्या गोदीत ते टरेट कायमचे उतरवून विमानवेधी पॉम-पॉम तोफा बसवल्या गेल्या. ५ जुलै १९४८ रोजी जहाज भारताच्या ताब्यात आले तेव्हा त्यावर ए, बी आणि वाय अशी तीनच टरेट, म्हणजे सहा इंची सहाच तोफा होत्या. चार टरेटचे जहाज बांधून त्याच्या कडेवर ‘दिल्ली’ असे लिहिण्याची पळवाट काही जण घेतात. ती मला मान्य नाही.

छायाचित्रे मिळतात, पण ती तिरपी असतात आणि त्यांवर थेट पट्टी लावता येत नाही. उपाय शेवटी शाळेच्या भूमितीपलीकडच्या, पण फारशा कठीण नसलेल्या एका नियमात सापडला. एकाच सरळ रेषेवरील तीन बिंदूंची खरी अंतरे ठाऊक असतील, तर छायाचित्र कितीही तिरपे असो, त्या रेषेवरील चौथ्या बिंदूची जागा गुणोत्तराने काढता येते. जहाजाच्या कडेवरील गोल खिडक्यांची रांग जुन्या आराखड्यातही आहे आणि छायाचित्रातही दिसते, म्हणून तिच्यातील तीन खिडक्या आधाराला घेतल्या आणि डेकहाउसच्या कडेपासून त्या रांगेवर लंब सोडला. डेकहाउस कडेपासून आत असल्यामुळे थोडी चूक राहतेच. मात्र एक छायाचित्र नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) बाजूने आणि दुसरे मागच्या बाजूने घेतले, की ती चूक परस्परविरुद्ध दिशांना पडते व सरासरीत बरीचशी जिरते. दोन्ही उत्तरांतील फरक मॉडेलवर मिलिमीटरभराच्या आत आल्यावर मगच मी कटर हातात घेतला.

वाय टरेटचे माप पडताळणे मात्र सोपे गेले, कारण ते टरेट आजही न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर उभे आहे. जहाज १९७८ साली निवृत्त झाल्यावर भारताने ते टरेट त्या देशाला भेट दिले. शेजारी उभ्या असलेल्या माणसांमुळे त्याच्या छायाचित्रांतून उंचीचा चांगला अंदाज येतो.

साहित्याविषयी थोडे. डेकहाउससाठी फ्लेक्सवाल्यांकडील सनबोर्डाची (हलक्या फोमच्या पत्र्याची) कात्रणे पुरतात, परंतु कापलेली कड खरखरीत राहते, म्हणून वरून पातळ प्लास्टिक शीट चिकटवणे भाग आहे. सहा इंची तोफेचे तोंड या प्रमाणात ०.७६ मिलिमीटर येते. अठरा गेजच्या इंजेक्शनच्या सुईचे आतील छिद्र ०.८४ मिलिमीटर असते, तेव्हा टोक घासून सपाट केलेली सुई ही तयार नळीच समजावी. पॉम-पॉमच्या बारीक नळ्यांसाठी मिरजेतून सतारीची पोलादी तार आणली. ती पितळी तारेपेक्षा कितीतरी ताठ आणि सरळ राहते, आणि यापुढे मी दुसरी तार वापरणार नाही. ऑनलाइन मागवलेले कठडे मात्र टपालात वाकून आले; तसल्या पातळ पितळेसाठी एवढी किंमत मोजणे मला पटत नाही.

ध्वजाचा विचार करताना बेतच बदलला. मूळ योजना १५ सप्टेंबर १९४८ची, म्हणजे जहाज मुंबईत दाखल झाले त्या दिवसाची होती. कॅप्टन ब्राउन यांच्या हाताखाली रामदास कटारी तेव्हा जहाजाचे फर्स्ट लेफ्टनंट, म्हणजे कप्तानाखालचे दुसरे अधिकारी होते, आणि पुढे १९५८ साली तेच पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. त्याहून विलक्षण योग असा की, १९३९च्या लढाईत ‘अ‍ॅकिलिस’चे कप्तान असलेले एडवर्ड पॅरी ऑगस्ट १९४८मध्येच भारतीय नौदलाचे प्रमुख झाले होते. एवढे असूनही आता मी १९५० निवडतो आहे. त्या वर्षीच्या २६ जानेवारीपासून नौदलाच्या नावातील ‘रॉयल’ हा शब्द गेला, कोपऱ्यात तिरंगा असलेला नवा नौदल ध्वज आला, आणि जूनमध्ये पंडित नेहरू याच जहाजातून इंडोनेशियाला गेले. तो ध्वज रंगवणे अधिक जिकिरीचे आहे, पण साडेचौऱ्याऐंशी सेंटीमीटरच्या राखाडी जहाजावर तोच शोभेल.

हे लिहीत असतानाच पुढचे जहाजही ठरले. फाळणीत भारताच्या वाट्याला आलेल्या चार स्लूपांपैकी (लहान युद्धनौकांपैकी), सतलज, जमुना व कावेरी सोडून, ‘कृष्णा’ घ्यायची. सांगलीत राहून दुसरी कोणती घेणार? चार इंची तोफांची तीन जोड माउंटिंगे (दोन-दोन तोफांच्या बैठका) आणि या प्रमाणात सुमारे ४६ सेंटीमीटर लांबी, म्हणजे उरलेल्या सनबोर्डात तिचे सांगाडे निघतील. ‘दिल्ली’चे कठडे बसेपर्यंत मात्र तिला हात लावणार नाही.