सतरा क्रमांकाची बाटली

निष्क्रियीकरणाची चाचणी हे आमच्या विभागातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे, आणि ते कंटाळवाणे राहावे यातच सगळ्यांचे हित असते. पोलिओच्या टोचून द्यायच्या लशीतला विषाणू मेलेला असावा लागतो. त्यासाठी तो फॉर्मलिन या विषाणू मारणाऱ्या रसायनात 37 अंश सेल्सिअसवर सुमारे 12 दिवस ठेवला जातो, आणि तो खरोखरच मेला आहे की नाही, हे पाहणे आमच्याकडे असते. बॅचमधून मोठा नमुना घ्यायचा, त्यातले उरलेसुरले फॉर्मलिन सोडियम बायसल्फाइटने निकामी करायचे, नमुना जिवंत पेशींच्या बाटल्यांत घालायचा आणि काही आठवडे पाहत राहायचे. मधूनमधून बाटलीतला द्रव ताज्या पेशींवर घालतात, त्या प्रत्येक खेपेला आम्ही ‘फेरी’ म्हणतो; म्हणजे लाखोंतून एखादा विषाणू वाचलेला असेल तर त्यालाही वाढायला वाव मिळतो. बहुतेक दिवशी नोंदवहीत दोनच शब्द लिहावे लागतात: ‘बदल नाही’. मी ते इतक्या वेळा लिहिले होते की हात आपोआप चालत असे.

त्या सकाळी सतरा क्रमांकाच्या बाटलीत बदल होता.

निरोगी पेशींचा थर सूक्ष्मदर्शकाखाली सलग फरसबंदीसारखा दिसतो. या बाटलीत एका कडेला तीस-चाळीस पेशी आखडून गोल झाल्या होत्या आणि मण्यांसारख्या चकाकत होत्या. काही तर तळ सोडून तरंगत होत्या; बाटली जराशी कलती केली की त्या संथपणे एका बाजूला सरकत. बाकीचा थर अगदी शाबूत होता. मी शेजारची बाटली पाहिली, नुसत्या पेशींची तुलनेसाठीची बाटली पाहिली, आणि पुन्हा सतरावर आले. मग नोंदवहीत लिहिले: ‘पेशींचा ऱ्हास, बहुधा फॉर्मलिनचा परिणाम.’

ते वाक्य लिहून झाल्यावर जे बरे वाटले, त्यानेच मी सावध झाले. फॉर्मलिनचा परिणाम असता, तर तो पहिल्या फेरीत दिसायला हवा होता. ही दुसरी फेरी होती आणि द्रव तोवर कितीतरी पटींनी पातळ झालेला होता. शिवाय रसायन साऱ्या थरावर सारखेच पसरते. एका जागी सुरू होऊन तिथून चहूकडे पसरत जाणे हे विषाणूचे वागणे आहे. हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवत असे, आणि वेळ आली तेव्हा नेमके तेच विसरायला तयार झाले होते. मी त्या ओळीवर एकच रेघ मारली, सही केली, तारीख घातली आणि खाली लिहिले: ‘गोल पेशींचा एकच पुंजका. कारण अज्ञात.’

आमच्या प्रयोगशाळेत जिवंत विषाणू हाताळला जात असल्याने अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि कागदाचा कपटाही बाहेर नेता येत नाही. म्हणून मी आतल्या फोनवरून विभागप्रमुखांना सांगितले, ‘‘मॅडम, सतरामध्ये पुंजका आहे. दुसऱ्या फेरीत.’’ पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, ‘‘बॅच कुठल्या प्रकारची?’’ ‘‘टाइप 1.’’ ‘‘बॅच अडवून ठेवते. तू कशालाही नाव देऊ नकोस.’’

पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार असतात. त्यांतला ‘टाइप 1’ ऐकल्यावर या क्षेत्रातल्या माणसाला काय आठवते, ते सांगायला हवे. 1955 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत साल्क यांच्या, अशाच मेलेल्या विषाणूच्या लशीला परवाना मिळाला आणि काही दिवसांतच कटर या उत्पादकाच्या लशीने मुलांना पोलिओ होऊ लागला. त्या बॅचमध्ये टाइप 1 चा, महोनी नावाचा उग्र विषाणू जिवंत राहिला होता. सुमारे 200 जणांना पक्षाघात झाला, 10 जण दगावले. विषाणूचे कण गुठळ्या करून बसले की फॉर्मलिन बाहेरच्या कणांना मारते, आतले मात्र वाचतात. म्हणून पुढे निष्क्रियीकरणाच्या मध्यावर पुन्हा गाळण्याची पायरी आली आणि तपासणीचा नमुनाही वाढवण्यात आला. मला मात्र त्या प्रकरणातली दुसरीच गोष्ट जास्त छळते. त्याच्या आदल्या वर्षी बर्निस एडी या शास्त्रज्ञ बाईंनी तपासणीत लुळी पडलेली माकडे पाहिली होती, वरिष्ठांना कळवलेही होते, आणि तरीही लस बाहेर पडली. माझी खोडलेली ओळ त्याच जातीची होती.

पुढचे काम ठरलेले असते. सतरामधला द्रव तीन भागांत वाटला आणि तिन्ही प्रकारच्या पोलिओविरोधी रक्तजलांत एकेक भाग मिसळून ताज्या पेशींवर घातला. प्रत्येक रक्तजल फक्त आपल्याच प्रकारच्या विषाणूला रोखते, म्हणून ज्या रक्तजलाने पेशी वाचतील, तोच प्रकार. बॅच टाइप 1 ची, म्हणून सगळ्यांची नजर पहिल्या बाटलीवर. तिसऱ्या दिवशी ती उघडपणे मेली होती. दुसरीही मेली. तिसरी वाचली होती. थर सलग, एक पेशी गोल नाही.

वाढत होता तो टाइप 3, आणि बॅचमध्ये टाइप 3 नव्हताच. हायसे वाटले, हे कबूल करते. पण ते फार टिकले नाही, कारण आता प्रश्न बॅचवरून उठून माझ्या हातांवर आला होता. दुसरी फेरी मीच केली होती. विषाणू हाताळायच्या सुरक्षा कपाटात हे काम होते; त्याच्या नोंदी काढल्या, तेव्हा त्याच सकाळी माझ्याआधी एका सहकाऱ्याने तिथे टाइप 3 चे काम केल्याचे दिसले. कपाटाचा पृष्ठभाग क्लोरीनच्या द्रावणाने पुसला होता, वेळ पाळली होती, सही होती. आत टांगलेली पिपेटची बंदूक, म्हणजे नळीत द्रव ओढून घ्यायचे हातातले यंत्र, मात्र मी अल्कोहोलने पुसली होती, कारण क्लोरीनने तिचे धातूचे भाग गंजतात आणि नवी मिळायला उशीर लागतो. पोलिओच्या विषाणूला चरबीचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर फारसे चालत नाही. परीक्षेत विचारले असते, तर झोपेतही सांगितले असते. बंदुकीच्या तोंडाच्या गाळणीवरून घेतलेल्या बोळ्यात पीसीआरने टाइप 3 सापडला.

चाचणी रद्द होऊन पहिल्यापासून पुन्हा झाली. या वेळी दोघांच्या नजरेखाली, आणि प्रत्येक प्रकारासाठी वेगळी बंदूक. टाइप 3 च्या बंदुकीवर लाल पट्टी आहे. ते आठवडे लांबलचक गेले. बॅच उत्तीर्ण झाली.

काही महिन्यांनी बाहेरून तपासनीस आले. त्यांनी ते पान काढले, अहवाल शांतपणे वाचला, मग खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले. एकाच रेघेने खोडायचे असते ते खालचे वाचता यावे म्हणूनच, आणि ते अगदी स्वच्छ वाचता येत होते.

‘‘बहुधा फॉर्मलिनचा परिणाम,’’ त्यांनी मोठ्याने वाचले. ‘‘हे कोणी लिहिले?’’

‘‘मी,’’ म्हणाले.

‘‘आणि खोडले?’’

‘‘तेही मीच.’’

त्यांनी दोन्ही सह्यांच्या वेळा पाहिल्या. मधे सहा मिनिटे होती. ती त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतली आणि पान उलटले.