संग्रहाची नोंद: 1851 च्या नेव्ही कोल्टची भर

मागील नोंदीत लिहिल्याप्रमाणे या संग्रहाची व्याप्ती मी आता मुद्दाम आटोपती घेतली आहे. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरकडून काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरकडे झालेली वाटचाल, म्हणजे साधारण 1847 ते 1873 ही पाव शतकाची मुदत, एवढाच विषय ठेवला आहे. दिसेल ते जुने पिस्तूल उचलणाऱ्याच्या कपाटात गर्दी होते, संग्रह होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या मुदतीच्या मधोमध अमेरिकेच्या कोल्ट कंपनीचे 1851 चे नेव्ही मॉडेल हे ठासणीचे रिव्हॉल्व्हर उभे आहे, आणि त्याचा एक बरा नमुना या हिवाळ्यात अखेर हाती आला.

या मॉडेलचे महत्त्व जाणकारांना सांगायला नको. तरी नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडे लिहितो. 1847 चे वॉकर कोल्ट दोन किलोंहून जड होते आणि ते घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानातच शोभत असे. नेव्हीचे वजन सुमारे 1.2 किलो, कॅलिबर, म्हणजे नळीच्या छिद्राचे माप, .36 इंच, नळी अष्टकोनी आणि साडेसात इंचांची. त्यामुळे ते कमरेला लावून दिवसभर वावरता येई. हार्टफर्डच्या कारखान्यात 1873 पर्यंत सुमारे 2 लाख 15 हजार आणि लंडनच्या कारखान्यात सुमारे 42 हजार नेव्ही तयार झाली. वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित अमेरिकी नेमबाजाने 21 जुलै 1865 रोजी मिसूरीतील स्प्रिंगफील्डच्या चौकात डेव्हिस टटला सुमारे 75 यार्डांवरून टिपले, ते नेव्हीनेच असे मानले जाते. या रिव्हॉल्व्हरला नेमासाठी पुढे एक पितळी मणी आणि मागे घोड्याच्या (चाप ओढल्यावर आदळणाऱ्या हॅमरच्या) टोकावर कोरलेली खाच एवढेच असते, हे लक्षात घेतले की त्या अंतराचा अर्थ कळतो.

आता माझ्या नमुन्याविषयी. पहिले काम अर्थातच ते रिकामे असल्याची खात्री करण्याचे. दीडशे वर्षांपूर्वी भरून ठेवलेला बार आजही चेंबरमध्ये, म्हणजे फिरत्या सिलिंडरच्या छिद्रात, बसलेला आढळतो, म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये लाकडी काडी घालून तिची खोली मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही. त्यानंतर नळी आणि सांगाडा जोडून ठेवणारी पाचर काढली. ती हाताच्या दाबाने सरकली आणि तिच्या डोक्यावर हातोडीचे घाव नव्हते, हे शुभचिन्ह होते.

अनुक्रमांक 79 हजारांच्या घरातला आहे. नळीच्या खालच्या बाजूस, सांगाड्यावर, ट्रिगर गार्डवर आणि मुठीच्या तळपट्टीवर तो एका ओळीत वाचता येतो, आणि चारही ठिकाणी तो एकच आहे. सिलिंडरवरही तोच आहे. पाचरेवरचा मात्र वेगळा निघाला. पाचरा हरवत आणि बदलल्या जात, त्यामुळे एवढ्या कारणाने मी नमुना नाकारला नाही, पण किमतीची बोलणी करताना तो मुद्दा पुढे केला. अनुक्रमांकावरून निर्मिती 1857 च्या सुमाराची ठरते, आणि इतर खुणांची साक्ष याच्याशी जुळायला हवी. साधारण 74 हजारांपर्यंतच्या नेव्हींच्या नळीवर न्यूयॉर्क शहराचा पत्ता असतो, तिथून सुमारे 1 लाख 1 हजारांपर्यंत हार्टफर्डचा, आणि त्यानंतर पुन्हा न्यूयॉर्कचा, पण ‘यू. एस. अमेरिका’ या शब्दांसह. माझ्या नळीवर हार्टफर्डचा पत्ता आहे. ट्रिगर गार्ड लहान आणि गोल आहे, तोही साधारण 85 हजारांपर्यंतच चालला. पुढे हातमोज्यातले बोट मावेल असा मोठा आला. अनुक्रमांक खोटा ठोकता येतो, परंतु पत्ता, गार्ड आणि अनुक्रमांक अशी तिन्हींची सांगड घालून खोटेपणा करणारा फार अभ्यासू असावा लागतो.

भिंगाखाली सर्वाधिक वेळ सिलिंडरवर गेला. त्यावरचे चित्र 16 मे 1843 रोजी कॅम्पेचेजवळ टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोच्या जहाजांशी दिलेल्या लढतीचे आहे. ते बँकनोटांचा कोरीवकार वॉटरमन ऑर्म्सबी याने पोलादी साच्यावर कोरले, आणि तो साचा दाबून फिरवल्यावर प्रत्येक सिलिंडरवर उमटत असे. म्यानातून काढताना आणि घालताना सिलिंडर घासले जाते, त्यामुळे हे चित्र आधी उंच भागांवर झिजते. माझ्या सिलिंडरवर एका बाजूची शिडे आणि डोलकाठ्यांचे दोर अजून स्वच्छ दिसतात, तर दुसऱ्या बाजूला जहाजांची नुसती छाया उरली आहे. ही असमान झीज मला फार मोलाची वाटते, कारण पट्ट्यावर फिरवून घासलेल्या सिलिंडरवर चित्र सगळीकडे सारखेच पुसट होते. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर दोन-दोन निपलांच्या (बार पेटवणारी टोपी ज्यावर बसवतात त्या बोंडांच्या) मधे एक बारीक खुंटी असते, आणि घोडा चेंबरवर न ठेवता त्या खुंटीवर टेकवता यावा म्हणून घोड्याच्या तोंडाला खाच असते. यांतल्या बहुतेक खुंट्या चेपलेल्या आहेत, एक जवळजवळ सपाट आहे. वापरलेल्या नेव्हीत हे असेच असायचे.

निपलांभोवती धातूला बारीक खड्डे पडले आहेत. त्या काळच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. टोपी फुटल्यावर मागे उरणारा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पोलाद खातो. नळीवरची निळाई जवळपास गेली असून तिथे करडी-तपकिरी छटा आहे, पण पाचरेच्या आडोशाला आणि ठासणीच्या दांड्यामागे मूळ निळा रंग शिल्लक आहे. पितळी गार्डवरचा चांदीचा मुलामा फक्त सांध्याच्या कोपऱ्यात चकाकतो. मूठ अक्रोडाच्या लाकडाची असून तिच्या खालच्या कडेला व्हार्निश टिकून आहे.

हा नमुना घेण्याआधी एका लिलावात दुसरे एक नेव्ही पाहिले होते. यादीत त्याचे वर्णन ‘उत्कृष्ट मूळ अवस्था’ असे होते आणि दुरून ते आरशासारखे दिसत होते. जवळून पाहता अष्टकोनाच्या कडा बोथट, पत्त्याची अक्षरे उथळ आणि स्क्रूंच्या छिद्रांभोवती बशीसारखे खळगे. पॉलिशच्या चाकाने किती धातू खरवडला गेला हे या तीन जागा हमखास सांगतात. नव्याने निळे केलेले ते रिव्हॉल्व्हर माझ्या करड्या नमुन्यापेक्षा चढ्या भावाने गेले, याचे मला आजही नवल वाटते.

देखभालीत मी जितके कमी करता येईल तितके कमी करतो. आतल्या यंत्रणेला हलके तेल, बाहेरच्या धातूला सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर, लाकडाला तेल अजिबात नाही. लाल, जिवंत गंज असेल तेवढाच काढायचा; तपकिरी छटेला हात लावायचा नाही. चामड्याच्या म्यानात ठेवून देण्याचा मोह अनेकांना होतो, पण कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात मुरलेला दमटपणा यांनी महिन्याभरात डाग पडू शकतात. हे रिव्हॉल्व्हर मी झाडणार नाही. त्यासाठी आजच्या इटालियन प्रतिकृती आहेत आणि त्या पुरेशा चांगल्या आहेत.

कायद्याचा विषय थोडक्यात. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 किंवा त्यापूर्वी तयार झालेली शस्त्रे प्राचीन ठरतात, मात्र राज्यांचे नियम वेगळे आणि काही ठिकाणी अधिक कडक आहेत. वारसाहक्काने आलेले शस्त्र भारतात नेण्याचा विचार कोणी करत असेल, तर आधी तिथल्या शस्त्र कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला गाठावे.

पुढचे लक्ष्य नेव्हीचेच काडतुसी रूपांतर हे आहे. मागून काडतूस भरता यावे अशा आरपार छिद्राच्या सिलिंडरचे पेटंट रोलिन व्हाइटच्या नावावर 3 एप्रिल 1855 पासून होते आणि त्याचा परवाना स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होता. ते 1869 मध्ये संपेपर्यंत कोल्टला ठासणीवरच भागवावे लागले. मग 1873 मध्ये कोल्टचे सिंगल ॲक्शन आर्मी हे काडतुसाचे रिव्हॉल्व्हर आले, तरी शिल्लक सुटे भाग आणि आरमाराकडची जुनी नेव्ही रिचर्ड्स-मेसन पद्धतीने .38 काडतुसासाठी बदलून देण्याचे काम कारखान्याने चालूच ठेवले. ठासणीचा दांडा काढून उजव्या बाजूला रिकामी काडतुसे ढकलणारी कांडी बसवलेली ही रिव्हॉल्व्हरे दिसायला ओबडधोबड वाटतात, पण माझ्या विषयाचा दुवा नेमका त्यांच्यात आहे. बाजारात गावठी लोहाराने केलेली रूपांतरेही कारखान्याची म्हणून विकली जातात. त्यामुळे ज्यांच्याकडे खात्रीचे कारखानी रूपांतर आहे, त्यांनी सिलिंडरच्या मागच्या चकतीची आणि मुठीवरच्या तपासनिसांच्या शिक्क्यांची जवळून काढलेली छायाचित्रे दाखवली, तर वसंतातल्या लिलावांपूर्वी मला ती माझ्या टिपणांशी ताडून पाहता येतील.