पोळीभाजी केंद्राचं पेज आणि बॉर्डरची कसरत: माझा अनुभव

नौपाड्यात आमच्या ओळखीच्या काकूंचं पोळीभाजी केंद्र आहे, त्यांच्यासाठी मेनूचं वेबपेज करायला घेतलं, त्याचं रूप ठरवणारं सीएसएस मीच लिहिलं. प्रत्येक पदार्थाचं कार्ड, कार्डाला बॉर्डर, बस्स. काकूंची अट एकच, "अगं, मोबाईलवर दोन-दोन पदार्थ शेजारी शेजारी दिसू देत, लोकं खाली जातच नाहीत."

बॉर्डरला आधी स्टाइल द्यावी लागते, सॉलिड, डॅश्ड जे काय असेल ते, कारण मुळात ती नन (none, म्हणजे 'काहीच नाही') असते आणि तोपर्यंत रंग नि जाडी कितीही द्या, रेघ उमटत नाही. हे झालं पटकन. खरी कसरत पुढेच होती. कार्डाची रुंदी 50 टक्के, बॉर्डर 2 पिक्सल, आणि दुसरं कार्ड थेट खालच्या ओळीत! बॉर्डर त्या रुंदीच्या बाहेर मोजली जाते ना, म्हणजे एका कार्डामागे डावीकडे 2 उजवीकडे 2, दोन कार्डांचे मिळून 8 पिक्सल जादा, आता 360 च्या स्क्रीनवर 368 कसे मावणार? बॉक्स-सायझिंगला, म्हणजे रुंदीत काय काय मोजायचं ते ठरवणाऱ्या नियमाला, बॉर्डर-बॉक्स दिलं की बॉर्डर आणि पॅडिंग (बॉर्डर नि मजकूर यांच्यामधली मोकळी जागा) दोन्ही 50 टक्क्यांच्या आतच बसतात. दिलं, आणि थालीपीठ गपगुमान पिठल्याच्या शेजारी येऊन बसलं. माझं तर म्हणणं आहे ही ओळ प्रत्येक स्टाइलशीटमध्ये (सीएसएसच्या फाइलमध्ये) सगळ्यात वर पाहिजेच.

मग निवडलेलं कार्ड उठून दिसायला हवं होतं. बॉर्डर 2 ची 4 केली की आतला मजकूर सरकतो, म्हणून तिला हात न लावता वरून आउटलाइन (बॉर्डरच्या बाहेरून जाणारी वेगळी रेघ) दिली, ती जागा खात नाही.

दरांच्या टेबलाने मात्र घाम काढला. शेजारच्या दोन सेलच्या रेघा एकत्र व्हाव्यात म्हणून बॉर्डर-कोलॅप्स लावलं तर टेबलाचे गोल कोपरे गेले, दोन्ही एकत्र चालतच नाही. शेवटी टेबलाभोवती एक डिव्ह (साधी चौकट) घातला, बाहेरची बॉर्डर, रेडियस (कोपऱ्यांची गोलाई) आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाणारं लपवणं) सगळं त्याला, सेलना फक्त खालची रेघ, आणि शेवटच्या ओळीला तीही नाही. फार सुबक दिसतंय आता.

गुळपोळीच्या कार्डाला काकूंना दुहेरी रेघ हवीये, डबल स्टाइल 3 पिक्सलच्या खाली नीट दुहेरी दिसत नाही, म्हणून तेवढ्या एका कार्डाला 4 ठेवलेत.